माझे गुळगुळीत खांदे

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी हसायला नको. मी भित्रा आहे. जुना आहे, लाकडी आहे, कपाटातला हँगर आहे, हे सगळं खरं. पण त्याच्याही आधी मी भित्रा आहे. तुमचा जीव कधीतरी टांगणीला लागतो, माझा जन्मच टांगणीला लागलेला. खाली अंधार, वर दांडा, आणि खांद्यावर दुसऱ्याची वस्तू. ती पडली की बोलणी मला. अशा नोकरीत धीट कसं राहायचं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. खुर्चीसाठी आणलेल्या फळीचा तुकडा उरला, त्यातून मी निघालो. करवत चालली तेव्हा मी घाबरलो, रंधा फिरला तेव्हा घाबरलो, आणि आकडा बसवायला डोक्यात भोक पाडलं तेव्हा तर माझ्या काळजाचं पाणी झालं. सुतार मात्र मोठा हौशी. त्याने जाड काचपेपर फिरवला, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी माझ्या खांद्यावरून अंगठा फिरवून त्याने बायकोला हाक मारली, "अगं, बघ तरी! माशी बसली तर घसरून पडेल!"

"हँगर केलात की घसरगुंडी?" बायको म्हणाली.

दोघंही हसले. मला ते कौतुकच वाटलं. बरेच दिवस मी त्याच कौतुकावर फुगून होतो.

मला विकत घेतलं ते बाबांनी. तेव्हा ते कोणाचेच बाबा नव्हते, नुकतीच नोकरी लागलेले एक सडसडीत तरुण होते. त्यांनी माझ्यावर आपला लोकरीचा कोट टांगला. काय सांगू मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस! कोट जाड, खरखरीत आणि स्वभावाने चिकट. एकदा खांद्यावर बसला की हलायचं नाव नाही. दार आपटलं, दांडा हलला, तरी स्वारी जागची ढळत नसे. "या हँगरने कोटाचे खांदे कसे राखलेत बघा," असं येणारे-जाणारे म्हणायचे आणि मी मान ताठ करून ऐकायचो. श्रेय सगळं कोटाचं होतं, पण ते कोण सांगतो?

मग बाबांचं लग्न झालं, पोट सुटलं, आणि कोटाची बटणं लागेनाशी झाली. कोट कोणाला तरी देऊन टाकला. मी दांड्याच्या टोकाला रिकामा लटकत राहिलो. शेजारी तारेचे वाकडेतिकडे हँगर, खाली डांबरगोळ्यांची पुडी.  कपाट आवरायला कोणी आलं की आता आपल्याला शेगडीत घालणार, असं मला दर वेळी वाटायचं. घालत कोणी नव्हतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या कपाटाचं दार नीट लागत नाही. एक फट राहते आणि तिच्यातून मला समोरची खोली दिसते. त्या फटीतून मी या घरच्या मुलीला रांगताना पाहिलं, चालताना पाहिलं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. निदान तेव्हा बसत नसे.

एके दिवशी त्या खोलीत बॅग भरायचं काम चाललं होतं. भिंगरीच्या आईचं ऑपरेशन होतं. आईने अंगातला सॅटिनचा गाऊन काढून पलंगावर ठेवला. जांभळ्या रंगाचा, पाण्यासारखा सुळसुळीत गाऊन तो. आई म्हणाली, "हा नीट ठेव हं भिंगरी. आल्या आल्या घालीन मी."

बस्स, एवढंच. पण भिंगरीने ते काम असं अंगावर घेतलं, की जणू घराची किल्लीच तिच्या हाती दिली होती. तिने कपाट उघडून सगळे हँगर पारखले. तारेचे बाजूला सारले. माझ्यावर तिची नजर थांबली आणि माझी पाचावर धारण बसली.

"तूच बरा," ती म्हणाली. "तुझे खांदे बाबांसारखे आहेत."

आणि तिने तो गाऊन माझ्यावर चढवला. मित्रांनो, गळा रुंद, कापड सुळसुळीत आणि माझे खांदे कसले, तर माशी घसरावी असले! अंगाला गाऊन लागताच मला कळून चुकलं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही. पण ओरडायला तोंड कुठे होतं?

त्यात भिंगरी माझ्याजवळ तोंड आणून कुजबुजली, "हा पडला नाही, तर आई येणार. पडला तर..."

पुढचं ती बोलली नाही. दार लोटून गेली. मी मात्र त्या "पडला तर" पाशी अडकून राहिलो, तो आजतागायत. आतापर्यंत माझ्या खांद्यावर कपडे होते. आता एका घराची आई होती.

आई गेल्यावर घर सांभाळायला आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचा हात रिकामा राहिला तर त्याला खाज सुटते, असं बाबा म्हणायचे. तिने आल्या दिवशी भांडी घासली, दुसऱ्या दिवशी घासलेली भांडी पुन्हा घासली. बाबा हॉस्पिटलातून यायचे आणि उगाच मोठमोठ्याने बोलायचे. "सगळं झकास चाललंय!" म्हणायचे आणि चहात मीठ घालायचे. घरात भीती होती, पण तिचं नाव कोणी काढत नव्हतं. भिंगरी तेवढी शाळेत जाताना, आल्यावर आणि जेवणाआधी कपाट उघडून मला बघायची. गाऊनची एक बाजू उतरलेली असायचीच. ती हलक्या हाताने वर करायची. मी जीव मुठीत धरून उभा, म्हणजे लटकलेला, असायचो.

मग एका सकाळी भिंगरी शाळेत गेलेली असताना आत्याची नजर कपाटाकडे वळली.

"शी! किती कळकट हा हँगर," ती म्हणाली. गाऊन पलंगावर ठेवून तिने मेणाची डबी आणली आणि मला असं घासलं, असं घासलं, की सुताराच्या दुकानातसुद्धा मी एवढा चमकलो नव्हतो. "वहिनी आली की खूश होईल," ती स्वतःशीच म्हणाली. मेणाचा हात आणखी एकदा फिरवला आणि गाऊन पुन्हा माझ्यावर टांगला.

बिचारी करायला गेली एक आणि झालं भलतंच.

आता एक खांदा उतरत होता तो मला दिसत होता, आणि मला काही करता येत नव्हतं. शेजारच्या घरात दार आपटलं, गाऊन बोटभर सरकला. रस्त्यावरून ट्रक गेला, आणखी बोटभर.  मी मनातल्या मनात त्या जुन्या कोटाचा धावा करत होतो. दुपार झाली, आणि गाऊन गेला. सॅटिन पडताना आवाजसुद्धा होत नाही, मित्रांनो. धप्प झालं असतं तर बरं वाटलं असतं. नुसता हलका झालो मी, आणि इतकं वाईट हलकेपण मी कधी अनुभवलं नव्हतं.

भिंगरी शाळेतून आली. तिने दार उघडलं. खाली जांभळा ढीग पाहिला.  तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आत्याचा फोन वाजला. आत्याचा आवाज ऐकू आला, "ताप? किती? ...बरं, दादा. नाही, तिला नाही सांगत. तू तिथेच थांब."

भिंगरीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने गाऊन उचलला, माझ्यावर टांगला आणि स्वतः कपाटात शिरून आतून दार ओढून घेतलं. डांबरगोळ्यांची पुडी बाजूला सारली, जुन्या बॅगेवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी गाऊन माझ्या खांद्यांवर घट्ट दाबून धरला. आतून दार ओढून घेतलं.

  दांडा कुरकुरत होता. आम्ही दोघं भित्रे त्या अंधारात एकमेकांना धरून होतो, आणि खरं सांगतो, मी तिला सांभाळत होतो की ती मला, हे मला अजून कळलेलं नाही.

"भिंगरी, खायला ये गं!" आत्याची हाक आली. मग दुसरी आली. मग आत्याचा आवाज चढला, मग फाटला. ती पलंगाखाली बघून आली, गॅलरीत बघून आली, जिन्यात जाऊन ओरडून आली. शेवटी तिने धाडकन कपाट उघडलं.

"अगं कार्टे! माझा जीव गेला असता ना! इथे काय करतेस?"

"हात सोडू नको म्हणू नको... म्हणजे, मला बाहेर ये म्हणू नको," भिंगरी म्हणाली. तिचे शब्दही घाबरून एकमेकांवर पडत होते. "मी सोडला की गाऊन पडतो. मघाशी पडला, म्हणून आईला ताप आला."

 मला वाटलं, आता आत्या "काहीतरीच काय" म्हणणार. मोठी माणसं तेच म्हणतात. पण ती तिथेच फरशीवर बसली, कपाटाच्या तोंडाशी.

"मी भांडी का घासत बसते, माहितीय तुला?" ती म्हणाली. "मला वाटतं, सगळं घर लख्ख झालं की वहिनी बरी होऊन येईल. एक डाग राहिला तर नाही येणार. वेडी आहे ना मी?"

भिंगरीने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला दिसलं नाही.

"आणि तुझे बाबा? हॉस्पिटलच्या दारातून आत जाताना उजवा पायच आधी टाकतात. काल चुकून डावा पडला, तर एवढा मोठा माणूस परत मागे येऊन पुन्हा आत गेला. वॉचमन हसला म्हणे."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे! आत्याने तिला कवेत घेतलं. गाऊन अर्थातच पुन्हा पडला. त्याच्याकडे दोघींनीही बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने भिंगरीने विचारलं, "पण गाऊन सारखा का पडतो?"

आत्याने माझ्यावरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! मेण मीच लावलं की!"

त्यानंतर माझे जे हाल झाले ते विचारू नका. गरम साबणाच्या पाण्याने मला धुतलं, पुसलं. मग आत्याने काचपेपर काढला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या गुळगुळीत खांद्यांवर मी आयुष्यभर फुगलो, ते तिने खर्रखर्र घासून ओरखडून टाकले. वर भिंगरीने आत्याच्या विणकामातली उरलेली लोकर आणली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर घट्ट गुंडाळली. दोन्ही टोकांना जाडजूड गाठी मारल्या. गाऊन चढवला. आत्याने दांडा गदागदा हलवला. मला पापण्या असत्या तर मी मिटल्या असत्या.

गाऊन जागचा हलला नाही.

"आता आई येणार?" भिंगरीने हळूच विचारलं.

आत्याने गाऊनची कड सारखी केली. "ते हँगरच्या हातात नाही गं राणी. हँगरच्या हातात फक्त गाऊन आहे."

"मग आपल्या हातात काय आहे?"

"आत्ता? ताट आहे. चल, जेव आधी."

ताप उतरला की नाही, हे मला पुढचे कितीतरी दिवस नीट कळलं नाही. एक दिवस बाबांचा आवाज उतरलेला, एक दिवस चढलेला. माझी भीती होती तिथेच होती. फरक एवढाच, की भिंगरी आता कपाटाशी न कुजबुजता आत्याला सांगायची, "मला भीती वाटतेय." आणि आत्या म्हणायची, "मलाही. ये इकडे." भांडी मात्र दिवसातून एकदाच घासली जाऊ लागली.

मग एका संध्याकाळी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. आई आली. मी फटीतून पाहिलं आणि ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. पलंगावर बसत ती म्हणाली, "भिंगरी, माझा गाऊन?"

भिंगरीने तो माझ्यावरून उतरवला आणि आईच्या अंगावर चढवला. तर काय! आईच्या वाळलेल्या खांद्यावरून गाऊन सर्रकन खाली घसरला.

 बाबांच्या हातातला पेला तसाच राहिला. आत्याने तोंडावर हात ठेवला. भिंगरीचं तोंड पुन्हा पांढरं पडलं, आणि माझा तर जीव आकड्यात आला. पुन्हा तेच, मला वाटलं. आता ही पुन्हा कपाटात शिरणार.

भिंगरी पलंगावर चढली. आईच्या मागे गुडघ्यांवर बसली. गाऊन वर ओढला आणि दोन्ही तळवे आईच्या खांद्यांवर ठेवले, अगदी तसेच, जसे माझ्यावर ठेवले होते.

"बाबा, तुम्ही ती बाजू धरा," ती म्हणाली. "एकटीने धरलं की माझा हात दुखतो."

बाबांनी ती बाजू धरली. आई हसली, मग रडली, आणि गाऊन जागेवर राहिला.

मित्रांनो, मी आजही या कपाटात आहे. खांद्यावर लोकर आहे, ओरखडे आहेत, आणि भीती आहे ती आहेच. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गुळगुळीत हँगर दिसला तर त्याला शेगडीत घालू नका, मेण तर मुळीच लावू नका, चार वेढे लोकरीचे द्या. आणि एखादी गोष्ट घसरते आहे असं वाटून तुम्हीच कधी अंधारात तिला एकट्याने धरून उभे असाल, तर दार ओढून घेऊ नका. कोणाला तरी हाक मारा, आणि म्हणा, ती बाजू तुम्ही धरा.