हो, नाही मारलं

महिन्यातून एकदा आम्ही इंग्रजी शिकवणारे चौघे एकत्र बसतो आणि आपलं शिकवणं कुठं चुकलं ते एकमेकांना सांगतो. म्हणजे बहुतेक वेळा विद्यार्थी कुठं चुकले तेच सांगतो. गेल्या बैठकीत मात्र आमच्यातली सगळ्यात धाकटी, जिला मी मनातल्या मनात चिमणी म्हणते, ती सरळ म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या वर्गात बसले होते. तासभर तुम्हीच बोलत होतात. त्या बायकांनी तोंड उघडलं ते यस आणि नो म्हणायला."

माझं डोकंच फिरलं. "आधी माझे निकाल बघ, मग बोल," मी म्हटलं. माझा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: थोडक्यात उत्तर द्या, लांब बोललात की फसाल. या नियमावर सतरा वर्षांत कितीतरी बायका तोंडी परीक्षा पास झाल्यात.

चारच दिवसांनी माझ्या वर्गातल्या मावशींची परीक्षा होती. या मावशी वृद्धाश्रमात अकरा वर्षं म्हाताऱ्यांना अंघोळ घालतात, भरवतात. नव्या व्यवस्थापनानं फर्मान काढलं होतं, इंग्रजीत पास व्हाल तरच कामावर राहाल. मावशींच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. शिक्षकाला कोपऱ्यात बसायची परवानगी होती, पण हूं की चूं करायचं नाही. नुसती खूण केली तरी उमेदवार बाद.

परीक्षक बाईंना आपल्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मावशी ताठ बसून पटापट यस, नो म्हणत होत्या. मी मनात स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग बाईंनी कागदावरून नजर वर केली. "यू डोन्ट हिट द पेशंट्स, डू यू?" म्हाताऱ्यांवर हात उचलत नाही ना?

"यस," मावशी हसून म्हणाल्या.

कुणी 'अजून जेवली नाहीस?' असं विचारलं की आपण 'हो ना, नाही जेवले' म्हणतो. मावशींचा यस तसला होता. हो, नाही मारलं. इंग्रजीत तिथं नो लागतो, आणि हे मी सतरा वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं. पुढचं वाक्य कुणाला बोलूच दिलं नाही, तर चूक माझ्या कानावर येणार कुठून?

"यस?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"यस, यस!" मावशी आणखी ठासून म्हणाल्या.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आवाज एकदम कोरडा झाला. "हाऊ ऑफन?"

किती वेळा! मावशींचं हसू मावळलं. औषधांच्या वेळांसाठी हा प्रश्न मीच त्यांच्याकडून घोटून घेतला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. त्या बाद होतील म्हणून मी गप्प होते, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझा निकालही आठवला होता.

"नो!" मावशी खुर्चीतून उठल्याच. "आय नो हिट! नेव्हर! ही हिट मी!" त्यांनी बाही वर सारून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. "ओल्ड मॅन. ही फरगेट ऑल. ही फिअर, ही हिट. आय होल्ड हँड. आय सिंग. ही स्लीप."

व्याकरणाचा पार चुथडा झाला होता, आणि शब्द न् शब्द कळत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. काय गाता, म्हणून विचारलं. मग दहा मिनिटं दोघी बोलतच होत्या. शेवटी बाईंनी मघाचं लिहिलेलं खोडलं आणि पासच्या रकान्यात सही केली.

बाहेर आल्यावर मावशींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"मॅडम, माफ करा हं. तुम्ही इतकं बजावलं होतं, तरी मी लांब बोलले."

"मावशी, चुकलं ते माझं," मी कसंबसं म्हटलं. शरमेनं मला मान वर करवेना.

"असू दे, तुम्ही माझी समजूत काढताय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त वर्गात सांगू नका. नाहीतर बाकीच्यापण माझ्यासारख्या बोलायला लागतील."