कोपरापासून खाली

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी विणकामाचा गट जमायचा. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये लोकरीची टोपली, आणि सुयांपेक्षा जोरात चालणारी तोंडं. धाकटी बहीण वारल्यानंतर थोरली तिथं दोन महिन्यांनी पुन्हा आली, ती बहिणीचीच पिशवी काखेला लावून.

पिशवीत निळा स्वेटर होता. धाकटीनं नातीसाठी विणायला घेतलेला. सगळा झाला होता. फक्त दुसरी बाही कोपरापर्यंत आली होती, आणि तेवढ्यात धाकटी गेली. नात तर महिन्या-महिन्याला वाढत होती. आता नाही झाला, तर स्वेटर तिच्या अंगाला कधीच बसणार नव्हता.

"जमतेय का बाही?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"तीनदा विणली, तीनदा माझं मी उसवलं. तिची ओळ संपून माझी सुरू झाली की बाहीला कंबर येते."

थोरलीचा हात पहिल्यापासून घट्ट, धाकटीचा सैल.

"एका नंबरानं जाड सुई घ्या की, ताई," ड्रायव्हरकाका म्हणाले. जन्मभर बस चालवून आता ते क्रोशाच्या टोप्या विणत.

"घेतली. टाके मोठे आले, पण ताठ. तिचे टाके कसे पाय पसरून बसल्यासारखे असतात."

"फूटपट्टीच्या वर्गात पाय पसरून बसायची हिंमत कोण करणार?" शिंपीणबाई म्हणाल्या. ओळ न् ओळ मोजणाऱ्या थोरलीला 'फूटपट्टी' हे नाव धाकटीनंच ठेवलं होतं. "मग दोन्ही बाह्या उसवा आणि तुमच्या हातानं विणा. सारख्या तरी होतील."

थोरलीनं मान हलवली. "तिचं एकदा उसवलंय मी. आता विचारू कुणाला?"

सगळ्यांना ठाऊक होतं. फार पूर्वी धाकटी चहा आणायला उठली, तेव्हा थोरलीनं तिच्या शालीच्या वीस ओळी उसवून, नीटनेटक्या विणून ठेवल्या होत्या. धाकटीनं शालीवरून बोट फिरवलं. "छान झाली. आता ही तुझीच," म्हणाली आणि घडी करून थोरलीच्या मांडीवर ठेवली. तेव्हापासून गटात नियम झाला: दुसऱ्याचं विणलेलं विचारल्याशिवाय उसवायचं नाही. चुकलं, एवढा एक शब्द मात्र थोरलीच्या तोंडून कधी निघाला नाही.

काकांनी घसा साफ केला. "मेव्हण्याला टोपी विणली होती मी. ढगळ झाली. आता किटलीला घालतो. मेव्हणा आला की आधी किटली लपवायची!"

"मेव्हण्यापेक्षा किटली बरी," शिंपीणबाई म्हणाल्या. "तापली तर नुसती वाफ सोडते, उपदेश करत नाही."

थोरलीला हसू फुटलं. मग काकांनी मेव्हण्याची चाल करून दाखवली, शिंपीणबाईंनी आपल्या जावेची. हसता हसता थोरलीच्या सुया बाहीवर आपल्या आपण चालत राहिल्या.

थोड्या वेळानं तिनं खाली पाहिलं. आठ ओळी झाल्या होत्या. तिनं डोळे मिटून बाहीवर बोट फिरवलं. धाकटी कुठं संपली, ते बोटाला कळेना.

इतकी वर्षं ती धाकटीला बजावत होती, "बडबड थांबव, हाताकडे बघ." धाकटीचा हात या बडबडीनंच सैल होता.

"बघ गं," म्हणत ती बाही घेऊन डावीकडे वळली. धाकटीच्या नेहमीच्या खुर्चीवर नुसती तिची पिशवी होती.

खोली गप्प झाली. थोरलीच्या बोटांत लोकर आवळली.

"काका," शिंपीणबाई घाईनं म्हणाल्या, "ते किटलीचं पुन्हा सांगा बरं."

"आत्ता तर सांगितलं."

"मग काय झालं? सांगा."

काकांनी पहिल्यापासून सांगितलं. या वेळी हसायला फारसं कुणाला जमलं नाही, पण सगळे बोलत राहिले. थोरलीनं पुढची ओळ घातली. डोळे भरून आल्यानं टाके मोजता येत नव्हते. तिनं ते मोजलेही नाहीत.