तपासून ठेवलेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे आणि मी फार चिडलेली आहे. आता माझं ऐकूनच घ्या, कारण ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही.

गाझियाबादच्या नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर, जयंतकाका आणि वीणाकाकूंच्या घरी माझं आयुष्य सुरू झालं. समोरच्या इमारती तेव्हा अजून विटांच्याच होत्या. काकांनी नवा लॅपटॉप घेतला होता. तो कधी बिघडला तर दुरुस्तीसाठी एक रिकव्हरी डिस्क आपली आपणच बनवून ठेवायची असते. ती डिस्क लॅपटॉपला पुन्हा कारखान्यातून आला तसा करून देते. बस, एवढंच तिचं काम.

काकांनी दिल्लीच्या नेहरू प्लेसहून, कॉम्प्युटरच्या मोठ्या बाजारातून, कोऱ्या डिस्क आणल्या. पहिली बनली, पण तपासताना अडकली. "अरे यार, सगळी दुपार वाया गेली!" काका ओरडले. काकूंनी ती बिचारी कबुतरं हाकलायला बाल्कनीत टांगली. मग माझा नंबर लागला. काकांनी मला पुन्हा पुन्हा तपासलं. "बिल्कुल परफेक्ट! आता काही टेन्शन नाही." त्यांनी माझ्यावर मार्करने नाव लिहिलं आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं. खरं सांगते, मला केवढा अभिमान वाटला!

पुढे त्याच टेबलावर वीणाकाकू तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मुलांचं नाटक लिहू लागल्या. ऑफिसातून आल्यावर रोज एकेक अक्षर शोधत टाइप करायच्या. दिल्लीत वाढलेली त्यांची राधा मध्येच विचारायची, "आई, हिरमुसणे मतलब?"

"आरशात बघ. आत्ता तुझं तोंड झालंय ना, ते."

शेवटचा प्रवेश तेवढा राहिला होता. रविवारी तालीम सुरू होणार होती. आणि गुरुवारी लॅपटॉप उघडेचना! नुसता काळा पडदा.

"अहो, माझं नाटक आत आहे," काकू रडवेल्या झाल्या.

"अगं, डिस्क आहे ना! मी स्वतः चेक केलीय."

मी खणात किंचाळले. अहो काका, मला नाटक कुठून माहीत असणार? मी बनले तेव्हा त्यातला एक शब्दसुद्धा लिहिलेला नव्हता! आधी कुणाकडून तरी ते बाहेर काढून घ्या, मग मला घाला! पण डिस्कचं कोण ऐकतं? काकांनी मला लॅपटॉपमध्ये घातलं आणि पडद्यावर स्पष्ट आलं, 'यावरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?' काकांनी न वाचताच 'हो' दाबलं.

"काय विचारत होतं?"

"काही नाही गं, असंच विचारतं ते."

आणि मी माझं काम अगदी चोख केलं, याचाच तर मला संताप येतो. लॅपटॉप नव्यासारखा सुरू झाला. काकांनी टाळी वाजवली. काकूंनी नाटक शोधलं, पुन्हा शोधलं, ते कुठेच नव्हतं. काकांनी मला बाहेर काढून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "डिस्कच खराब निघाली."

मी खराब? मी? त्याच संध्याकाळी मला बाल्कनीत टांगलं, त्या बिघडलेल्या बहिणीशेजारी. कबुतरं आम्हाला भीतही नाहीत.

शनिवारी काकूंनी आठवून आठवून नाटक पुन्हा लिहायला घेतलं. एके ठिकाणी त्या अडल्या. राधा पटकन म्हणाली, "आई, इथे तो हिरमुसतो ना!" काकूंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मलासुद्धा फार बरं वाटलं. मग त्यांनी दोन प्रवेश लिहिले आणि लॅपटॉप मिटून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दुसरी प्रत काढलीच नाही! कोऱ्या डिस्क तिथे टेबलावर पडल्या आहेत हो!

मी इथे वाऱ्यावर गरगर फिरतेय, ओरडतेय. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या सोसायटीत राहत असाल तर एवढं करा. नवव्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि काकूंना सांगा, भाजी नंतर टाका, आधी नाटकाची एक प्रत काढा.