लाल चिठ्ठीच्या नळ्या

"मावशी, दोन दिवस! लाल चिठ्ठीवाल्या सगळ्या दोन दिवस मागे!"

अफशीन ओरडतच आत आली तेव्हा मी माश्यांचा स्वयंपाक ढवळत होते. रवा, गूळ, यीस्ट. घरी मी दोन माणसांचं रांधते, विद्यापीठात चार हजार माश्यांचं. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्याच त्या चिमुकल्या. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं हेच करतेय. माझ्या हातच्या माश्यांवर सात जण डॉक्टर झाले. मी अजून कंत्राटावरच.

"हळू बोल गं, दचकतील बिचाऱ्या," मी म्हटलं. "काय मागे? नीट सांग."

"पांढऱ्या चिठ्ठीच्या नळ्यांत साधं खाणं होतं, त्यातल्या माश्या दहाव्या दिवशी बाहेर आल्या. लाल चिठ्ठीच्या नळ्यांत आपण कडुनिंबाचा अर्क घातला होता, त्या बाराव्या दिवशी! म्हणजे अर्कानं वाढ लांबते. मॅडमनी स्वतः मोजून बघितलं. म्हणाल्या, उद्या अकराला निष्कर्ष परिषदेला पाठवू. मावशी, बंगळूरला मी जाणार!"

पातेल्यातला माझा हात तिथेच थांबला.

दर उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांना आमच्या लॅबमध्ये आठ आठवडे काम करायला मिळतं. यंदा तीनशे अर्ज आले होते, घेतले चौघं. त्यातल्या एकाला पुढे वर्षभर ठेवणार आणि बंगळूरच्या परिषदेला नेणार. अफशीन तिसऱ्या वर्षाची. तिचे अब्बा अकबरभाई कसबा पेठेत पुस्तकं बांधतात. सातव्या आठवड्यापर्यंत तिला कुणी विचारत नव्हतं, आणि आता लॅबच्या प्रमुख पोंक्षे मॅडम तिच्यासाठी चहा मागवत होत्या.

आणि ते दोन दिवस माझे होते. कडुनिंबाचे नव्हते.

मधल्या शनिवारी रोहित्र जळून वीज गेली होती. सुट्टी, मे महिन्याचं ऊन, वर पत्रा. वॉचमननं फोन केला तशी मी धावत आले. माश्यांच्या खोलीची भट्टी झालेली. फक्त थंड कपाट जनरेटरवर चालू होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माश्या त्यातच ठेवतो. थंडीत त्यांची वाढ सुस्तावते, रोज बघायला यावं लागत नाही. अफशीनच्या नळ्यांच्या दोन ट्रे होत्या आणि कपाटात जागा एकीपुरती. हाताशी लाल चिठ्ठीची आली, ती आत सरकवली. दुसरीवर ओलं फडकं टाकलं. रविवारी संध्याकाळी वीज आली, सगळं जागच्या जागी ठेवलं.

वहीत लिहिलं नाही. दूध उतू जाताना गॅस बंद केला तर कुणी वहीत लिहितं का? माश्या वाचल्या, माझं काम झालं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूशच होते. शिवाय विद्यार्थ्यांच्या नळ्यांना आम्ही हात लावायचा नाही असा नियम. त्या नियमापायी गेल्या वर्षी माझ्यासारख्याच कंत्राटावरच्या दशरथला घरी बसवलं होतं.

संध्याकाळपर्यंत मी गप्प राहिले. जाऊ दे, पोरीचं भलं होतंय, आपलं काय जातंय, असं शंभरदा घोकलं. पण पाच वाजता बसस्टॉपवर ती आईला फोनवर म्हणाली, "अम्मी, मैंने खुद खोज निकाला," आणि मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं.

तिनं ऐकून घेतलं. समोर आलेली बस तिनं सोडून दिली. मग म्हणाली, "म्हणजे अर्कानं काहीच होत नाही?"

"होतंही असेल बाई. पण या नळ्यांवरून नाही कळायचं."

"परत करायला दिवस नाहीत." तिचा आवाज अगदी लहान झाला. "मावशी, अजून कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. उद्या मॅडमना सांगते."

"तुम्ही काही बोलू नका. जूनमध्ये तुमचं कंत्राट आहे. मी बघते."

मला वाटलं, पोरगी दडपणार. लाज वाटते सांगायला, पण मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती मॅडमच्या केबिनमधून बाहेर आली, पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. दुपारी कळलं, बंगळूरला चौघांतला श्रीनिवास जाणार. मी तशीच केबिनमध्ये गेले.

"मॅडम, त्या नळ्या मी हलवल्या होत्या."

पोंक्षे मॅडमनी चष्मा काढला. "बसा, हिराबाई. तुम्ही येणार हे ती सांगूनच गेलीय. वीज गेली तेव्हा आपणच नळ्या हलवल्या आणि नोंद केली नाही, म्हणाली. 'मावशी स्वतःवर घेतील, त्यांचा माझ्यावर जीव आहे,' असंही म्हणाली. अहो, पोरींचे लाड करावेत, पण इतके?"

"देवाशप्पथ सांगते, मॅडम. वॉचमनला विचारा."

"वॉचमन तुमचाच माणूस. पुरे आता. हुशार होती, पण जिला साधी नोंद ठेवता येत नाही, तिनं संशोधनात पडू नये. खरं बोलली म्हणून कॉलेजला तक्रार करत नाही, एवढंच."

मी रात्रंदिवस फोन केले. चौथ्या दिवशी उचलला. "मावशी, आता मी शब्द फिरवला तर दोघीही खोट्या ठरू," म्हणाली. मग म्हणाली, "जेवलात का?" मी फोन ठेवून पदर तोंडात कोंबला.

जूनमध्ये माझं कंत्राट पुढे झालं. अफशीन कर्वेनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते. पुढे शिकायचा अर्ज केला होता. मॅडमचं शिफारसपत्र मिळालं नाही.

या एप्रिलमध्ये नवी चार पोरं आली. पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना माश्यांची खोली दाखवली आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी इथं एका मुलीनं नोंद न करता नळ्या हलवल्या. नाव सांगत नाही. पण लक्षात ठेवा, तशी मुलगी होऊ नका."

मी पातेल्यापाशी उभी होते. म्हटलं, "ती मुलगी मी."

पोरं खळखळून हसली. मॅडमसुद्धा हसल्या. "या आमच्या हिराबाई," त्या म्हणाल्या, "फार विनोदी आहेत."