तिसऱ्या नकाराअभावी बुजवलेला हौद

मित्रांनो, यंदाच्या फरवर्दीन, म्हणजे वर्षाच्या पहिल्याच महिन्याच्या चौदाव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मला राडारोडा टाकून बुजवण्यात आलं. वरून सिमेंटचा थर देण्यात आला आणि तो वाळेपर्यंत कोणी पाय देऊ नये म्हणून एक खुर्ची आडवी टाकण्यात आली.

असो. असं काही झालेलंच नाही असं समजा. आपण पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुना हौद आहे. शिराजमधल्या अमानुल्ला आगांच्या अंगणात माझा मुक्काम. लांबी सात हात, रुंदी चार, खोली कमरेइतकी. स्वभावाने मी काळजीखोर आहे. पाणी शांत असतं असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. ते पुस्तक हौदाने लिहिलेलं नव्हतं.

मला आगांच्या वडिलांनी बांधून घेतलं. गवंड्याने चुना, राख, बकरीचे केस आणि अंड्यातलं पांढरं असं सगळं एकत्र करून आठवडाभर तुडवलं. त्या आठवड्यात घरात तिन्ही त्रिकाळ पिवळा बलक खाल्ला गेला. मग तो गवंडी दिवाणखान्यात गालिच्यावर जाऊन बसला, हनुवटी गुडघ्यावर टेकवली आणि म्हणाला, "इथून दोन्ही नारंजची झाडं पाण्यात पुरी दिसली पाहिजेत, शेंड्यासकट, उलटी." म्हणून मी अंगणाच्या बरोबर मध्ये नाही, वीतभर डावीकडे आहे. पाहुण्यांना ते कळत नाही. त्यांना नुसतंच बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट. गल्लीच्या पाटातलं पाणी आपसूक माझ्यात उतरावं म्हणून आमचं अंगण गल्लीपेक्षा खाली आहे. म्हणजे आधी दार, मग काटकोनात वळणारा बोळ, मग तीन पायऱ्या, मग अंगण. मित्रांनो, या तीन पायऱ्या लक्षात असू द्या. त्या घरातल्या सगळ्यांच्याही लक्षात होत्या, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. नवरोज, म्हणजे आमचं नवं वर्ष, जवळ आला की इस्फंद महिन्यात मश हैदर माळी मला रिकामा करायचा, खराट्याने शेवाळ काढायचा आणि आतून निळा रंग द्यायचा. उन्हाळ्यात माझ्यात कलिंगडं पोहायची. नवरोजच्या तेराव्या दिवशी सगळे नातेवाईक आपापल्या सणाच्या ताटाजवळची लाल मासोळी वाडग्यातून आणून माझ्यात सोडायचे. एका वर्षी एक्केचाळीस मासोळ्या जमल्या. पाहुणे म्हणायचे, "वाहवा, काय हौद आहे!" मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरायची. कौतुक झालं की काहीतरी फुटतं, हा माझा अनुभव.

आणि फुटलंच. उत्तरेच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली. पुढे पाऊस रुसला, पाट आटला, कारंज्याच्या तोंडात गांधीलमाशीने घर केलं. सात वर्षं मी कोरडा होतो. आगांच्या पत्नी तूबा खानमनी माझ्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. मग तुटलेली शिडी आली. मग एक व्यायामाची सायकल आली. तिच्यावर सात वर्षांत कोणी बसलं नाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

यंदा मात्र आगांच्या मनाने घेतलं. आगा निवृत्त भूगोल शिक्षक. नद्यांची नावं तोंडपाठ, पण घरच्या हौदात थेंब नाही, हे त्यांना लागलं असावं. त्यांनी बरण्या काढल्या, शिडी काढली, सायकल काढली आणि मश हैदरला माझ्यात उतरवलं.

"हैदर, भेग कुठवर गेलीय?"

"तुमच्या माझ्या सुरकुत्यांइतकी जुनी आहे, आगा. भरता येईल, लपवता यायची नाही."

"लपवायची कोणाला? भर."

दोघांनी पंधरा दिवस खपून भेग भरली. मग फुलांवरून वाद घातला. मश हैदरचा नियम असा, की काठाला गुडघ्याखालचीच फुलं हवीत, नाहीतर बसल्या जागेवरून पाणी दिसत नाही. म्हणून काठाला जांभळ्या बनफ्शा, त्यामागे सुंबुल, आणि पार भिंतीशी उंच शबबू, ज्यांचा वास संध्याकाळी आपण होऊन पुढे येतो. बनफ्शाचं कोमेजलेलं फूल रोज खुडायचं, म्हणजे झाड नवं फूल काढत राहतं. पाणी सकाळी, मुळाशी, तेही थोडं.

"त्या फुलांशी जितकं बोलता," तूबा खानम स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "त्याच्या चौथाई माझ्याशी बोलला असतात, तर मीसुद्धा फुलले असते."

"तुम्ही खुडू देत नाही ना, खानम," आगा म्हणाले.

नळाने पाणी भरलं त्या दिवशी माझी अवस्था विचारू नका. आगांनी कडेला खडूची रेघ मारली. दुसऱ्या सकाळी त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. मी श्वास धरून होतो. पाणी हललं तर त्यांना वाटायचं गळतंय.

"खानम! केसभरही उतरलं नाही!"

"मग बोट पुसा आणि नाश्त्याला या."

त्या सुरात खानमनाही आनंद झाला होता. हे मला कळलं, कारण नंतर त्या स्वतः चहा घेऊन काठावर येऊन बसल्या आणि उलट्या नारंजकडे बराच वेळ बघत राहिल्या. आगांना हे कळलं नाही, कारण ते तेव्हा बनफ्शा खुडत होते. मित्रांनो, सगळा घोळ इथे आहे.

नवरोजच्या दुसऱ्या दिवशी लेक फरनाज आणि जावई कामबीज सणाच्या भेटीला आले. कामबीज दातांचा डॉक्टर. त्याची पांढरी मोटार हा त्याच्या आयुष्यातला मोठा त्रास. आमच्या गल्लीत ती आली की तिला ओरखडा पडतो आणि बाहेर ठेवली की काळजीने त्याच्या जिवाला.

"माफ करा, आगाजान, उशीर झाला," तो घाम पुसत म्हणाला. "गाडी दोन गल्ल्या पलीकडे नानवाईच्या दारात लावलीय. तोही बघत होता, जशी काही मी रोटी चोरायला आलोय."

आता आमच्याकडची रीत अशी. यजमानाने द्यायचं आणि पाहुण्याने नाकारायचं. दोघांचंही मनापासून नसतं, पण दोघांनीही मनापासून करायचं. तीनदा देणं, तीनदा नकार, की दोघेही मोकळे. याला तआरुफ म्हणतात. तीन हा आकडा पक्का आहे. दोन नकारांचा अर्थ 'हो' असा होतो.

आगा छातीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, मग गाडी अंगणात लाव ना! हा हौद काय, एक खड्डा. उद्या बुजवून टाकतो."

"काहीतरीच काय, आगाजान! तुमच्या डोक्याची शपथ, अजिबात नको."

एक.

"तुझ्यावरून ओवाळून टाकला असला हौद! घर तुझंच आहे."

"लाजवू नका हो. असा हौद साऱ्या शिराजमध्ये नाही."

दोन. मी निवांत होतो. म्हणजे माझ्या मानाने निवांत.

"कामबीज-जान, तू नाही म्हणालास तर मी समजेन, तू मला परका मानतोस."

इथे कामबीजने तिसरा नकार द्यायचा होता. दातांचा हा डॉक्टर जगाला साखर खाऊ नका सांगतो आणि स्वतः साखरेचा खडा दातांत धरून वरून चहा ओढतो. नकारासाठी त्याने तोंड उघडलं आणि खडा घशात गेला.

आमच्याकडे 'नाही' म्हणताना मान वर झटकतात आणि 'हो' म्हणताना खाली नेतात. ठसक्यात मान खाली जाते. त्याची नऊ वेळा गेली.

फरनाज त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. खोकला थांबला. आगांचा हात अजून छातीवर होता, पण आता तो धरून ठेवल्यासारखा वाटत होता.

"ठरलं तर मग," आगा म्हणाले. आवाज हसरा होता. तोंड नव्हतं.

नवऱ्याची लाज राखायला तूबा खानम पटकन बोलल्या, "बरंच झालं बाई! मला तर त्या डबक्याचा वैतागच आला होता. डास नुसते."

आगांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. डबकं हा शब्द त्यांना लागला. मलाही लागला, पण मला कोणी विचारत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आगांना वाटलं, खानमना मी नको आहे. खानमना वाटलं, आगांनी शब्द दिलाय, तो मोडला तर त्यांचं नाक कापलं जाईल. कामबीजला वाटलं, आता नाही म्हटलं तर सासऱ्याच्या तोंडावर भेट फेकल्यासारखं होईल. तीन माणसांना हौद हवा होता, आणि तिघेही एकमेकांसाठी मला मारायला निघाले होते. इतकं प्रेम मी कुठल्याच घरात पाहिलं नाही. आणि त्याची इतकी भीतीही मला कधी वाटली नाही.

बिचाऱ्या कामबीजने प्रयत्न केला. सहाव्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, की मोटार विकून सायकल घ्यायचा विचार आहे, दातांच्या डॉक्टरने व्यायाम करावा. आगांनी त्याचा अर्थ असा काढला, की काम लवकर होत नाही म्हणून जावई रुसला. त्यांनी त्याच दुपारी गवंड्यांना सुट्या संपताच यायचा सांगावा धाडला आणि जावयाला माझ्यातून काढलेली ती व्यायामाची सायकल पाठवून दिली.

खरं बोलू शकेल असा घरात एकच माणूस होता. मश हैदर.

"खानम," तो बनफ्शा खुडता खुडता म्हणाला, "दाराच्या आत तीन पायऱ्या आहेत आणि बोळाला वळण. मोटार येणार कशी? कडेवर घेऊन?"

खानमनी पदर सारखा करावा तशी डोक्यावरची चादर सारखी केली. "मला दिसत नाही का रे? पण आता मी ते बोलले, तर म्हणतील, सासूने दिलेलं परत घेतलं."

"मग आगांना सांगतो."

"त्यांनी या पायऱ्या सत्तर वर्षं उतरल्यात, हैदर. त्यांना काय सांगतोस!"

आगांना त्याने सांगितलंच. आगा म्हणाले, "आपण दिलेल्या भेटीत आपणच खोट काढायची?" कामबीजलाही पायऱ्या माहीत होत्या. दर वेळी तो तिसरीवर अडखळायचा. पण सासऱ्याच्या भेटीत जावयाने खोट काढणं तर त्याहून वाईट.

तेराव्या दिवशी सगळे नातेवाईक माळावर जेवून दुपारी परतले आणि रीतीप्रमाणे वाडगी घेऊन आमच्याकडे आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नाही, कारण वाडगं घेऊन आलेल्याला परत पाठवणं बरं दिसत नाही. मासोळ्या माझ्यात सुटल्या. सव्वीस होत्या. सात वर्षांनी माझ्यात कोणीतरी हलत होतं. मी त्यांना म्हणालो, कोपऱ्यात जाऊ नका, तिथे जुनी भेग आहे. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बुजवायचं होतं, तरी मी रात्रभर भेगेचीच काळजी केली.

चौदाव्या दिवशी सकाळी दोन गवंडी आले. मासोळ्या बादल्यांतून न्हाणीघरातल्या टबात गेल्या. पाणी सोडून दिलं. काठावर आगा, खानम, फरनाज, कामबीज आणि मश हैदर उभे होते.

थोरल्या गवंड्याने फावडं टेकवलं आणि विचारलं, "टाकू?"

आगांनी खानमकडे पाहिलं. खानमनी कामबीजकडे. कामबीजने तोंड उघडलं. या वेळी त्यात साखर नव्हती, चहा नव्हता, काही नव्हतं. मी वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी आशा केली, मित्रांनो, आणि मला तिची सवय नव्हती.

तो म्हणाला, "आगाजान म्हणतील तसं."

आगा गवंड्याला म्हणाले, "टाका ना, संकोच कसला."

मश हैदर तेवढा रडला. बाकीच्यांनी गवंड्यांना चहा दिला.

मोटार अर्थातच आत आली नाही. ती अजून नानवाईच्या दारात असते. टबात मासोळ्या असल्यामुळे आगा आणि खानम दर शुक्रवारी आंघोळीला लेकीकडे जातात, आणि कामबीज त्यांना गाडीतून नेतो. गाडीचा एवढा उपयोग झाला.

मला वरचं दिसत नाही, पण पावलं कळतात. आणि मी सांगतो ते नीट ऐका. सिमेंट केव्हाच वाळलं, खुर्ची केव्हाच उचलली. तरी या घरातलं कोणी माझ्यावर पाय देत नाही. आगा सकाळी सात हात सरळ चालतात, मग वळतात, मग चार हात. खानम चहाचा ट्रे घेऊन माझ्या काठाकाठाने जातात. काल कामबीज आला, तिसऱ्या पायरीवर अडखळला, तोल जाऊन थेट माझ्याच दिशेने आला, आणि पाण्यात पडू नये म्हणून त्याने मागे उडी मारली.

कोणी हसलं नाही. मश हैदर तेवढं म्हणाला, "जपून, डॉक्टर. खोल आहे."

म्हणून मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, मा. प्रमुख, तआरुफ व शिष्टाचार विभाग (असल्यास), शिराज. विषय: तिसरा नकार मागील तारखेने नोंदवून घेण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की जावई कामबीज यांचा तिसरा नकार दिनांक दोन फरवर्दीन रोजी साखरेच्या खड्यामुळे घशात अडकला असून तो आजतागायत बाहेर आलेला नाही. तरी तो वेळेत दिला गेला असे समजून अर्जदारास पूर्ववत खणण्यात यावे, वीतभर डावीकडे. बनफ्शांना पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. यापुढे ज्यांना एखादी गोष्ट हवी आहे त्यांनी तसे तोंडाने सांगावे, अशी सक्त ताकीद संबंधितांस देण्यात यावी. सोबत पुरावा म्हणून साखरेचा खडा जोडला होता. तो विरघळला आहे. कळावे. आपला नम्र, हौद.