सणसरच्या चौकातला सत्कार

सत्कार करून घेणारा माणूस आधी "नको, नको" म्हणतोच. चारदा नको म्हणायचं आणि मग मान खाली घालून फेटा बांधून घ्यायचा, ही सणसरची रीत. त्यामुळं स्वप्नालीनं फोनवर, "आबा, शर्यत गावातनं जाणार हाय, पण सत्कार-बित्कार काय करू नका," असं बजावून सांगितलं, तेव्हा सिद्धूआबा गालातल्या गालात हसले. पोरीला वळण चांगलं लागलंय म्हणायचं! त्यांनी फोन ठेवला आणि तडक बापूसाहेबांचं घर गाठलं.

बापूसाहेब म्हणजे माजी सरपंच. पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय नारळ फुटत नसे. त्यांनी हार घालायला येतो म्हटल्यावर आबांना आभाळ ठेंगणं झालं.

आता आबांना दोष तरी काय द्यायचा? लेक देशभर सायकल पळवून कपाटभर मेडलं घेऊन आली, पण ऊस आणि म्हशी सोडून जाता येईना म्हणून आबांनी तिची एकही शर्यत पाहिली नव्हती. स्वप्नालीची शर्यत होती घड्याळाची. एकेकीला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडतात, आणि ज्या-त्या पोरीची वेळ वेगळी मोजतात. आबांना एवढंच ठाऊक की फोटोत लेक कायम एकटीच पळताना दिसते. म्हणजे बाकीच्या पार मागं राहिल्या असणार! मग एवढ्या पुढं असलेल्या पोरीनं घडीभर थांबून हार घेतला तर बिघडलं कुठं?

यंदाची शर्यत बारामतीहून इंदापूरपर्यंत होती. पहिल्या दोघी आशियाच्या स्पर्धेला जाणार होत्या. स्वप्नालीनं एकतिशी ओलांडली होती. "यंदा झालं तर झालं, न्हायतर सायकल टांगून ठेवते," असं ती म्हणाली होती आणि त्या दिवशी आबा भरल्या ताटावरून उठले होते. म्हणून तर त्यांना वाटलं, गाव पाठीशी उभं राहिलं की पोरीला बळ येईल.

शर्यतीच्या सकाळी चौकात टेबल मांडलं, त्यावर हार, फेटा, शाल, नारळ आणि भंडाऱ्याचं ताट. हलगीवाले आले. बंदोबस्ताचा हवालदार आधी कुरकुरला, पण बापूसाहेबांना पाहून त्यानंच रस्त्याकडेची दोरी वर धरली. तेवढ्यात एक पोरगी एकटीच सूं करून गेली.

"ही कोण रं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"शेवटची असंल बिचारी. कालच्या शर्यतीतली," कुणीतरी म्हणालं आणि चौक खो खो हसला.

सारजाबाईंना आबांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. बायकोच्या पोटात राहिलं नसतं आणि लेकीला आधीच कळलं असतं. त्या हातात फोन घेऊन, फोनवरची शर्यत बघत बघत चौकात आल्या आणि टेबल पाहून जागीच थबकल्या.

"अवो, रस्त्यात हे काय मांडलंय?"

"थांबवायचं तिला. हार घातला, फेटा बांधला की झालं. मिनिटाचं काम."

"मिनिटाचं? अवो, घड्याळ चालू हाय तिचं! मघाच्या टप्प्याला येळ मोजली तवा दुसरी हुती ती, अन् तिसरीची येळ अगदी चिकटून हाय. थांबली की गेली!"

"आगं, पण ती तर सगळ्यांच्या पुढं..."

"कुणाच्या पुढं न्हाय अन् मागं न्हाय! घड्याळासंगं पळती ती!"

 तिकडं वळणावर स्वप्नालीचं लाल हेल्मेट दिसलं आणि हलगी कडाडली. बापूसाहेब हार उचलून ऐटीत रस्त्याच्या मधोमध गेले.

"बापूसाहेब, मागं या! सत्कार नको!"

"असू द्या, असू द्या, सिद्धूराव," बापूसाहेब मायेनं म्हणाले. "एवढा मान घ्यायलाच पायजे."

"अवो, खरंच नको!"

"लाजताय काय लेकाचं!"

आता या माणसाला समजवायचं कसं? आबांनी समजावलंच नाही. त्यांनी धोतर खोचलं, पळत जाऊन पंचक्रोशीच्या त्या मानकऱ्याच्या कमरेला मिठी मारली आणि हारासकट त्याला रस्त्याकडेच्या चारीत घेऊन गेले. जाता जाता टेबलाला धक्का लागला, ते कलंडलं आणि सगळा भंडारा आबांच्या डोक्यावर आला. चारीत गुडघाभर पाणी होतं. बापूसाहेबांच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या, त्या त्यांनी निवडणूक हरल्यावरसुद्धा दिल्या नव्हत्या. आबांना त्यातली एकही ऐकू आली नाही. ते चिखलात उताणे पडून वरच्या रस्त्याकडं कान देऊन होते. चाकं आली, आणि न थांबता निघून गेली.

इंदापुरात पोचेपर्यंत आबांचा चिखल वाळला होता. स्वप्नाली दुसरी आली होती, तीसुद्धा काठावर. सारजाबाईंनी तिला गच्च धरलं आणि दोघी हसत-रडत राहिल्या. आबा जरा लांबच उभे होते. मग लेकच त्यांच्याजवळ आली.

"आबा, चौकात तुमी कुठं दिसला न्हाय."

"हुतो की. जरा कडंला हुतो."

"लांबनंच हार दिसला मला," ती म्हणाली. "म्हणलं, आबाच असणार. हात उचलून ब्रेकवर ठेवलं हुतं मी, तवर रस्ता मोकळा झाला."

"ब्रेकवर? कशाला?"

"थांबणार हुते. तुमी हार घेऊन समोर उभं असताना मी कडंनं कशी जाणार, आबा?"

 आबा खाली बसले, आणि इतकी वर्षं न रडलेला तो माणूस भर रस्त्यात लेकीचे पाय धरून लहान पोरासारखा रडला.