दादाच्या गिटारचे नवे पिकअप

दादाची गिटार स्वस्तातली. त्याने ती पहिल्या पगारातून घेतली, तेव्हा दुकानदारच म्हणाला होता, "शिकायला ठीक आहे, पुढे बदला." दादाने बदलली नाही. बावीस वर्षं तीच घेऊन, अँपच्या दणदणत्या खोक्याला खेटून उभा राहून, तो हॉटेलांमधून वाजवत आला. त्यापायी नोकरी सोडली, त्याचं लग्नही टिकलं नाही. आता त्याच्याकडे ती गिटार आहे आणि आम्ही दोघी, आई आणि मी.

यंदा त्याने धोशा लावला, "हिचा आवाज मेलाय. वरचे सूर उमटतच नाहीत, नुसती खरखर येते." मी कारखान्यात सोल्डरिंग करते. दिवसाला चारशे जोड, वर्षानुवर्षं एकही परत आलेला नाही, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतेच. त्यामुळे घरातली प्रत्येक तुटकी वायर माझ्या गळ्यात.

आधी मी आवाजाची बटणं बदलली. मग आतला कपॅसिटर, मग केबल खुपसायचा जॅक. प्रत्येक वेळी भिंगाखाली जोड तपासले, लखलखीत होते, आणि गिटार दादाच्या हवाली केली. वाजवून दाखव म्हणून एकदाही म्हटलं नाही. आमच्या कारखान्यात जोड डोळ्यांनी तपासतात, ऐकतंय कोण? आठवड्याने दादा पुन्हा हजर.

"नाही गं. तसाच आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी यावर त्याने माझ्या डोक्यात टपली मारली असती. या वेळी गिटार मांडीवर घेऊन तारा पुसत बसला.

मग कळलं, त्याच्या हॉटेलातल्या बँडमध्ये कुरबुर चाललीय. कीबोर्डवाला दादाचा जुना दोस्त, पण त्यानेच तोंडावर सांगितलं होतं की तुझी गिटार कानात सुईसारखी घुसते, लोक उठून लांबच्या टेबलावर जातात. शनिवारी नीट वाजली तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय.

"सुई म्हणे!" दादा म्हणाला. "मी सगळी बटणं पूर्ण उघडतो तरी मला बोथट ऐकू येतं. काहीतरी बिघाड आहे, छोटे. तू शोध."

तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण अक्कल गहाण टाकलेली.

शुक्रवारी दुपारी सुट्टी घेऊन मी पिकअपच बदलले. पिकअप म्हणजे तारांखालची ती चुंबकं, तारांची थरथर पकडून अँपला देणारी. जुने काढले तर खाली धुळीत दादाचा एक केस सापडला, काळाभोर. आता त्याच्या डोक्यावर तसला एक उरलेला नाही.

या वेळी दादा थांबला. स्वयंपाकघराच्या दाराशी अँप लावला, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि खुर्चीत बसला.

तार छेडायच्या आधीच शिट्टी सुरू झाली. बारीक, लांबलचक, थांबायचं नाव नाही. पिकअपच्या आत मेण भरलेलं नसलं की असं होतं, हे दुकानदाराने मला नंतर सांगितलं. माझं डोकं भणभणलं. आई भांडी टाकून, साबणाच्या हातांनीच कान दाबत दारात आली.

दादा गिटारवर वाकून कान देऊन ऐकत होता. "बघ," तो खुशीत म्हणाला, "निदान खरखर तरी गेली. एकदम शांत आहे आता."

चार महिने मी धडधाकट गिटार दुरुस्त करत बसले होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग त्याने मान वर केली आणि त्याला आई दिसली. तिच्या कोपरांवरून साबणाचं पाणी ओघळत होतं. त्याने तारांवर तळहात दाबला. तारा मुळात हललेल्याच नव्हत्या.

"काही वाजतंय का गं?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो रे दादा."

मी बसवलेलं आवाजाचं बटण चिमटीत धरून तो हळूहळू मागे फिरवायला लागला. बटणाकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. तिने कानांवरचे हात काढले, तेव्हा थांबला.